कोन आहे रे तिकडे?

जिप्सी उंच करायला एक शनिवार-रविवार आणि एक वेल्डर पुरतो. मुळात तिचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खाली असतात. ते वर घेतले की गाडी साधारण पाच इंच उचलते आणि सोसायटीतले काका विचारतात, "आता चढायला स्टूल ठेवणार का?" इथवर सगळं आनंदाचं. सोमवारी ताशी पन्नासला पायाखाली पिठाची गिरणी सुरू होते. नववीत "ही भूमिती पुढे कुठे उपयोगी पडणार?" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळतं ते इथे, गाडीखाली उताणं पडून, डोळ्यात माती घेऊन.

पहिला आळ येतो टायरवर. बॅलन्सिंग होतं, मग अलाइनमेंट. रिजिड (एकसंध) अ‍ॅक्सलला अलाइनमेंटवाल्याच्या हातात फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर करणं, असतो. तो टाय रॉड अर्धा आटा फिरवतो आणि पूर्ण पैसे घेतो. त्याचं चुकत नाही. दुखणं शाफ्टच्या क्रॉसमध्ये आहे, म्हणजे अ‍ॅक्सलला जोर पोचवणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाच्या सांध्यात.

क्रॉस वाकड्या कोनात फिरला की पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन १४ अंश असेल तर हा फरक दोन्हीकडे सुमारे तीन टक्के. शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ३००० धक्के! दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच उलट करून हिशोब मिटवतो, पण दोन अटींवर: दोन्ही कोन सारखे हवेत (एका अंशाच्या आत) आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत हवेत. शाफ्ट स्प्लाइनवरून (एकात एक सरकणाऱ्या दात्यांवरून) ओढण्याआधी खडूने खूण न करणाऱ्या मेकॅनिकला माझ्या लेखी माफी नाही. तो एक दात चुकवून बसवतो आणि मालक महिनाभर टायरला शिव्या देतो.

मोजायला मॅग्नेटचा अँगल फाइंडर घ्या. नसेल तर कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबाही चालतो. सपाट जागा, गाडी स्वतःच्या चाकांवर, चाकांना उटी (अडसर). जॅकवर लटकवून घेतलेलं माप म्हणजे झोपलेल्या माणसाची उंची. समजा, ट्रान्सफर केसचा (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) शाफ्ट मागे २ अंश उतरतो आणि प्रोपेलर शाफ्ट (मघाचा लांब दांडा) १६ अंश. पुढच्या क्रॉसला १४ अंश पडले. मागेही १४ हवे असतील तर डिफरन्शियलच्या पिनियनचं (अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टचा जोर घेणाऱ्या गिअरचं) तोंड २ अंशच वर हवं, म्हणजे ट्रान्सफरला समांतर. वेल्डर मात्र हौशी असतो. तो पिनियनचं तोंड थेट ट्रान्सफरकडे रोखतो, दिसायला सरळ दिसतं म्हणून. ते बरोबर ठरतं फक्त ट्रान्सफरच्या टोकाला डबल क्रॉसवाला जॉइंट असेल तेव्हा. आणि तेव्हाही पिनियन एखाद-दोन अंश खालीच ठेवायचा, कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि तो आपोआप वर येतो. म्हणून पाट्यांच्या बैठका आधी नुसत्या टाके मारून धरा, गाडीचं वजन टाका, मोजा आणि मगच पूर्ण वेल्डिंग.

थोडाच फरक उरला तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तर मागच्या पिनियनचं तोंड उचलायला पाचरीची जाड बाजू मागे. पाटा खाली असेल तर पुढे. हे उलटं बसवणाऱ्यांची संख्या सरळ बसवणाऱ्यांइतकीच असावी असा माझा दाट संशय आहे. पाचर लोखंडी घ्या, एकावर एक रचू नका, सेंटर बोल्ट तेवढा लांब घ्या. उंच केल्यावर शाफ्ट तोकडा पडतो तेही बघा. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्लाइन सुटून शाफ्ट भाल्यासारखा जमिनीत रुततो. लेथवाल्याकडून लांब करून घेतलात तर बॅलन्स करून घ्या.

पुढच्या अ‍ॅक्सलला मात्र पांघरूण आखूड आहे. पिनियन वर करावा तर कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कल) कमी होतो, कारण दोन्ही एकाच हाउसिंगवर. मूळ कॅस्टर तीन-चार अंश. त्यातून सहा अंशांची पाचर वजा करा. उत्तर ऋण येतं आणि वळणानंतर स्टेअरिंग परत यायचं नाव घेत नाही. नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) गोळे कापून फिरवून पुन्हा वेल्ड करणं हा खरा इलाज, पण त्याला हात फार बसलेला लागतो. मला विचाराल तर कॅस्टर सांभाळा. पुढचा शाफ्ट फोर-व्हीलमध्येच कामाला येतो, तोही चिखलात, सावकाश. तिथे थोडा कुरकुरला तर कुरकुरू द्या.

आता ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा रॉड. ८०० मिलिमीटरचा रॉड आडवा असताना अ‍ॅक्सल ५० मिलिमीटर वर आला तर रॉड चाकाला जेमतेम दीड मिलिमीटर सरकवतो. तोच रॉड २० अंश तिरका असेल तर सोळा. गतिरोधकावर गाडी आपणहून लेन का बदलते ते कळलं? शिवाय पाटे वर आले की लिंक त्यांना आपटते. यावर झेडसारखा वाकवलेला रॉड मिळतो. स्वस्त असतो आणि जोर आला की वाकड्या जागी लवतो. नकलवर उंच आर्म बसवून लिंक वर घेणं चांगलं. स्टेअरिंगचा रॉड कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून घेणाऱ्याबरोबर मी घाटात जात नाही.

स्टेअरिंग व्हील तिरकं झालं असेल तर लिंकची लांबी बदला. गॅरेजवाला व्हीलच काढून सरळ बसवतो. त्याने बॉक्सचा मधला घट्ट भाग बाजूला जातो आणि सरळ रस्त्यावर ढिलाई हाताला लागते. आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही.

पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि शंभर किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. म्हणजे पुन्हा गाडीखाली, पुन्हा उताणं. काका बाजूला उभे असतातच. या खेपेला स्टूल घेऊन.