एका बाटलीत मँडरिनचं पोट भरत नाही

‘रेफ्युजियममध्ये कोपेपॉडची एक बाटली ओता, मँडरिन माशाच्या खाण्याची चिंता कायमची मिटली,’ असा सल्ला खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्या ठेवणाऱ्यांत सध्या फिरतोय. (कोपेपॉड म्हणजे पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव, मँडरिन हा ते टिपून खाणारा रंगीत समुद्री मासा, आणि रेफ्युजियम म्हणजे मुख्य टाकीला जोडलेला वेगळा कप्पा.) हा सल्ला अर्धवट आहे. मँडरिन दिवसभर खडकांवरून एकेक जीव टिपत फिरतो. बाटलीतला माल त्याला किती दिवस पुरणार? रेफ्युजियममध्ये मासे नसतात म्हणून तिथे पैदास निवांत होते, हे खरं. पण त्यासाठी कीटोमॉर्फासारखं शेवाळ, खडकांचे तुकडे आणि मासा आणण्याआधी काही महिने थांबायची तयारी हवी. घाई नडते ती इथेच.

कोपेपॉडची जातही बघून घ्या. टिग्रिओपस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या खडकाळ डबक्यांतला, आकाराने मोठा. माशांना चटकन दिसतो आणि संपतो. टिस्बे बारीक, फटींत लपणारा. वस्ती टिकते ती बहुधा त्याची.

आर्टेमिया हा कोळंबीसारखा बारीक जीव मात्र मुळात खाऱ्या सरोवरांतला. तो रेफ्युजियममध्ये संसार थाटत नाही; अंडी उबवून ताजी पिल्लं खाऊ घालायची, एवढाच त्याचा उपयोग.

आणि हो, बाटली ओताल तेव्हा दिवे बंद ठेवा, पंप थोडा वेळ थांबवा, फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) काढा. नाहीतर पैसे गाळणीत!