मुलांच्या हातात खरं काम द्या

शाळेतले उपक्रम आणि समाजसेवा कशासाठी, असं विचारलं की हल्ली बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: पुढे प्रवेशाच्या वेळी उपयोग होतो. पालक असं म्हणतात, शाळाही म्हणतात, आणि ऐकून ऐकून मुलंही तेच म्हणायला लागतात. मला हे मनापासून खटकतं. मी शिक्षिका आहे, शाळेतल्या उपक्रमांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं, की मूल उपक्रमांमुळे घडतं ते त्याच्यावाचून कुणाचं तरी अडत असेल तेव्हा. आपण गेलो नाही तर कुणीतरी खोळंबेल, हे त्याला कळलं पाहिजे. वक्तृत्व, नाटक, खेळ, झाडं लावणं, काहीही असो, एवढं नसेल तर तो नुसता कार्यक्रम. मजा येते, येऊ दे, पण त्यातून फार काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणाऱ्या मुलांकडे बघा. काम ऐकायला सोपं: तो सांगेल ते लिहायचं. प्रत्यक्षात ते फार अवघड असतं, विशेषतः हुशार मुलांना. उत्तर आपल्याला येत असतं, समोरचा चुकीचं सांगत असतो, आणि आपण ते चुकीचंच, त्याच्याच शब्दांत लिहायचं असतं. भुवई उंचावायची नाही, "नक्की?" असं विचारायचं नाही, पेन क्षणभर थांबवून सुचवायचंही नाही. माझी नववीतली एक विद्यार्थिनी पहिल्या सरावानंतर आली आणि म्हणाली, "बाई, मला येत होतं हो ते." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाली, "मग काय, तो म्हणाला तेच लिहिलं. पेपर त्याचा आहे ना."

हे ती स्वतः बोलली, मी शिकवलेलं नव्हतं. पुढे पुढे तिच्या ध्यानात आलं की प्रश्न कसा वाचून दाखवतो यावरही बरंच अवलंबून असतं. गुण किती आणि पर्याय किती हे आधी सांगितलं तर त्याला वेळेचा अंदाज येतो. लांब प्रश्न तोडून वाचला तर लक्षात राहतो. "परत वाचू का?" हे आपणच विचारलं तर त्याला दरवेळी विनंती करावी लागत नाही. नंतर वर्गात ती दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला लागली. आधी कधीच थांबायची नाही. सहकार्यावर आमची भाषणं तिने पहिलीपासून ऐकली होती, त्यांनी हे झालं नव्हतं.

खेळातही नजर नेहमी कप्तानाकडे जाते. क्रिकेटच्या सामन्यात गुणलेखक, म्हणजे स्कोअरर, म्हणून बसणाऱ्या मुलाकडे कुणी बघत नाही. पण नियमच असा आहे की पंचांनी चौकाराची, वाइडची, बायची खूण केली की स्कोअररने ती पाहिल्याची पोच द्यायची, आणि तोवर पंचांनी खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. लाजाळू, मागे मागे राहणाऱ्या पोराने हात वर केला की मग पुढचा चेंडू पडतो. शिवाय दोन स्कोअरर असतात आणि दोघांचा हिशेब जुळावा लागतो. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर यांची बेरीज एकूण धावसंख्येशी जुळली नाही तर चूक शोधत बसायचं, तेही सगळे आपल्याकडे बघत असताना. आत्मविश्वास वाढवायच्या शिबिरांपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मी भेटेल त्याला सांगत असते. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथली मुलं तटरक्षकांसाठी समुद्रावर पहारा द्यायची. पुढे त्याच्याच विचारातून 1962 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज सुरू झालं. तिथे विद्यार्थी समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जायचे, नाटक म्हणून नाही, खरोखर. ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचं अधिकृत केंद्रच तिथे होतं. हवा भरलेल्या रबरी नौकांचा तळ टिकेना, म्हणून मुख्याध्यापक डेस्मंड होअर आणि विद्यार्थ्यांनी त्यांना कडक तळ बसवून बघितला, पुन्हा पुन्हा बदलला. त्यातून आजची कडक तळाची रबरी बचावनौका आली. तिचं पेटंट होअर यांनी त्या संस्थेला फक्त 1 पौंडाला दिलं, आणि संस्थेच्या नौकेला कॉलेजवरून अटलांटिक 21 हे नाव मिळालं. सोळा-सतरा वर्षांची पोरं होती ती.

प्रत्येक शाळेला समुद्र नसतो, कबूल. पण वाचनालय असतं, प्रयोगशाळा असते, खालच्या वर्गात वाचताना अडखळणारी मुलं असतात.

आता तासांबद्दल. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालेय पदवीसाठी 75 तास सेवा लागते, कॅनडाच्या ओंटारिओत 40, आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240. सक्तीला माझा विरोध नाही. सक्ती नसेल तर आधीच पुढे पुढे करणारी मुलंच येतात, बाकीच्यांना कुणी बोलावतही नाही. अडचण होते ती तास हेच ध्येय बनलं की. मग मुलं सही घ्यायला येतात आणि सही झाली की घरी जातात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाने पूर्वीची तासमोजणी सोडून दिली. आता तिथे भर असतो तो किमान 18 महिने नियमित सहभागावर आणि केलेल्या कामाबद्दल स्वतः विचार करून लिहिण्यावर. हे मला जास्त पटतं.

वृद्धाश्रमात वर्षातून एकदा सगळा वर्ग नेऊन भेटवस्तू द्यायच्या आणि फोटो काढायचे, हे कृपा करून थांबवा. त्या आजी-आजोबांना आपण देखावा करून टाकतो. त्यापेक्षा चारच मुलं दर शनिवारी जाऊ देत. पेपर वाचून दाखवू देत, चष्मा सापडत नसेल तर शोधू देत, एखाद्या चिडक्या आजोबांचं बोलणंही खाऊ देत. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कंटाळा येतो, आणि खरं शिकणं तिथून पुढे सुरू होतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शाळा सुटल्यावर होणाऱ्या उपक्रमांत काही मुलं कधीच नसतात. घरी धाकटी भावंडं सांभाळायची असतात, आजारी माणसाचं करायचं असतं. त्यांना आपण "सहभाग नाही" असा शेरा देतो! ज्यांच्यावर खरंच कुणीतरी अवलंबून आहे, त्यांनाच. उपक्रम शाळेच्या वेळात घ्या, आणि घरची जबाबदारीही सेवा म्हणून नोंदवा.

अभ्यास बुडेल ही भीती असणाऱ्यांना एवढंच सांगते, पाच उपक्रम नकोत, एक पुरे. पण दोन वर्षं तोच.

आमच्या शाळेत मी या वर्षी लेखी मागणी केली आहे: मधल्या सुट्टीत वाचनालय आठवीच्या मुलांनी चालवावं, किल्ल्यांसकट. पुस्तकं हरवली तर काय, हा प्रश्न लगेच आला. हरवली तर मुलंच शोधतील, नोंदवही तीच ठेवणार आहेत, असं मी कळवलं आहे. तुमच्या शाळेत असं काही चालू असेल तर कसं बसवलं ते कमेंटमध्ये जरूर लिहा, मला बैठकीत मांडायला उपयोगी पडेल.