घड्याळ माझं होतं

टीव्हीसोबत फ्री मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ माझं होतं. टीव्हीचे पैसे मी भरले, बिल माझ्या नावानं फाटलं, आणि तरी ते घड्याळ आज चौथ्या दिवशी दारव्ह्याच्या पलीकडच्या कुठल्या तरी गावात एका म्हाताऱ्याच्या घरी टिकटिक करून राह्यलं आहे. बायको म्हणते सोडा ना आता, दीडशे रुपयांची वस्तू. सोडलं. म्हणजे सोडल्यासारखंच आहे. पण लिहू तर द्या.

झालं असं, की आमचा जुना टीव्ही आंधळा झाला. आवाज खणखणीत, चित्र नाही. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरा एलसीडीच असतो, मागून उजेड मारायला एलईडीच्या पट्ट्या असतात तेवढ्या, आणि त्या पट्ट्या आमच्या गावच्या येत्या-जात्या लाईनीनं खाल्ल्या. चित्र मात्र काचेवर उमटत असते, फक्त अंधारात. हा शोध आमच्या पोराचा. आठ दिवस तो मोबाईलचा टॉर्च काचेला लावून आजीला मालिका दाखवत होता, टॉर्च फिरेल तेवढंच दिसे, आणि आई म्हणे, "सासूच्या तोंडावर धर रे, ती कशी पाह्यते ते पाहू दे." नवव्या दिवशी सोयाबीनचे पैसे आले अन मी दारव्ह्याला निघालो.

खिशात सतरा हजार. तेवढ्यात एक तर नाववाल्या कंपनीचा ३२ इंची येते, नाही तर बिननावाचा ४३ इंची. बिननावाचा म्हणजे नाव असते त्यालाही, पण ते ॲसिडिटीच्या गोळीचं वाटते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे गावात जो भेटला त्यानं मला टीव्ही स्वस्त झाल्याचं सांगून झालं होतं, अन दुकानात समजलं की ती सूट ३२ इंचाच्या वरच्याले, ३२ वाल्याला २०१९ पासून १८ च लागून राह्यला आहे. म्हणजे सरकारनंही मला थोडं मोठ्याकडेच ढकललं.

मी दोन्ही टीव्हींच्या मधात उभा राहून कधी इकडं कधी तिकडं पाहत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "वजन किती हाय गा त्याचं?"

वळून पाह्यतो तर धोतर, सदरा, बगलेत पिशवी आणि पिशवीतून डोकं काढलेलं मिक्सरचं भांडं. बाबाजी भांड्याचं कपलर बदलायला आले होते, कारागीर जेवायला गेला होता, आणि आता त्यांच्याजवळ वेळच वेळ होता.

"सात किलो, बाबा," सेल्समन म्हणाला.

"सात? आमच्या गाईचं वासरू जलमते तवा त्याच्या तिप्पट भरते. हा टीव्ही व्हय का पापड? म्या ८७ साली मूर्तिजापूरहून टीव्ही आनला, शकुंतलेत, मांडीवर घेऊन. दारव्ह्याच्या मोतीबाग टेसनावर उतरलो त माहे पाय उठेनात. त्याले म्हनतात टीव्ही."

शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरोगेज. आता बंद आहे, आणि चालू होती तेव्हाही बंद असल्यासारखीच चाले, त्यामुळे पाय जाण्यात टीव्हीचा हात किती अन गाडीचा किती हा प्रश्न मला पडला होता, पण मी विचारला नाही. चूक तिथंच झाली. गप्प बसलेल्या माणसाला लोक आपलं मानतात.

बाबाजी पुढं झाले. ४३ वाल्याला टरबुजासारखी टिचकी मारली, कान लावला, मग बैलाच्या मागं जातात तसे त्याच्या मागं गेले अन वाकून पाहायला लागले.

"हे दात कायचे?"

"एचडीएमआय पोर्ट आहेत बाबा. सेट टॉप बॉक्सची वायर लागते त्याच्यात."

"याले तीन हायेत." मग ३२ वाल्याच्या मागं. "याले दोन. हा दोनदाती बराबर हाय. पन तीन दाताचा बैल म्या आजलोक पाह्यला नाही बाप्पा. त्याच्यात खोड असंन."

सेल्समन हसला. मी पण हसलो, आणि माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं.

"कोनत्या गावचा व्हय तू?"

सांगितलं. "कोनाचा?" तेही सांगितलं. बाबाजींनी पिशवी खाली ठेवली. माझे बाबा आणि ते ७८ साली आर्णीला कोणाच्या तरी लग्नात एका पंगतीत जेवले होते आणि तिथं बुंदी कमी पडली होती. बस, एवढ्या पुराव्यावर मी त्यांच्या ताब्यात गेलो. माझं वय ४४, माझा पोरगा नववीत आहे, पण त्यापुढं त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही, जे काय बोलले ते सेल्समनशी, "पोट्ट्याले काय समजते" अशा थाटात.

"नाववाल्याचाच घ्याव मानसानं. नाव टिकते."

इथं मला बोलावंसं वाटलं, कारण आमच्या घरी आधी औरंगाबादवाल्या व्हिडिओकॉनचा डबा होता. कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि आमचा डबा त्यानंतर तीन वर्षं चालला. म्हणजे टीव्ही टिकला, नावच गेलं. पण मी तोंड उघडेपर्यंत बाबाजींनी स्वतःच पलटी मारली होती.

"नाही त कपाशीचं पाह्य. ४७५ ग्रामची बॅग, मोठमोठ्या कंपन्या, चौकाचौकात बोर्ड. उगवली त कंपनीमुळं, नाही उगवली त पान्यामुळं. मंग हे सांग, या दोघायच्या काचा कोन बनवते?"

"पॅनल बहुतेक चीनवरूनच येते बाबा. दोन-चार मोठे कारखाने आहेत तिकडं, तेच सगळ्यांना देतात. क्वालिटी वरखाली असते, अन आतला बोर्ड, सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं."

"अन बिघडला त मेकॅनिक गावात येते का?"

हा प्रश्न मी विचारायला पाहिजे होता. आठ रात्री मोबाईलवर रिव्ह्यू पाह्यले मी, रॅम किती, वॅट किती, सगळं पाठ, आणि हे एक सुचलं नाही. सेल्समन बारीक आवाजात म्हणाला, "तालुक्यापर्यंत येते. गावात यायचं म्हणलं तर व्हिजिटचे वेगळे पैसे. नाही तर टीव्ही इथं आणून द्यायचा."

"दोघायचं तसंच?"

"दोघायचं."

आता हे पाहा. माझं गाव दारव्ह्यापासून १४ किलोमीटर, डांबरी रस्ता आहे, थोडे गड्डे आहेत पण आहे. त्या रस्त्यानं फायनान्सवाला हप्ता एक दिवस चुकला की येते, बियाणेवाला येते, मीटर पाहणारा येते, मतं मागायला तर गाड्यांची लाईन लागते. फक्त दुरुस्तीवाल्याला तो रस्ता दिसत नाही. आणि त्या नाववाल्याचं नाव पाच हजारांनी महाग ते कशासाठी, तर सर्व्हिससाठी! ऑनलाईन पाह्यलं तर पिनकोड टाकल्याबरोबर लाल अक्षरं, इथं सर्व्हिस नाही. आमच्या गावात टीव्ही विकायला चालते, दुरुस्त करायला आम्ही हद्दीबाहेर. अन वर वॉरंटी कार्डावर हसरं कुटुंब छापलेलं, त्या कुटुंबाचं गाव कोणतं ते काही लिहिलेलं नसते.

तर मग कोणीच येणार नसेल तर निदान मोठा तरी घेऊ, असं म्हणून मी ४३ वाला सांगितला. सेल्समननं बिलबुक उघडलं अन माझ्याकडं न पाहता विचारलं, "बाबा, बिल तुमच्या नावानं करू का पोराच्या?"

"त्याच्याच नावानं कर," बाबाजी उदारपणे म्हणाले. "पैसे त्यालेच भरू दे."

भरले. मग सेल्समननं कपाटातून घड्याळाचा डबा काढला अन बाबाजींच्या हातात दिला. मला वाटलं बाहेर गेल्यावर देतील, मोठ्या माणसाच्या हातून हिसकायचं कसं. त्यांनी माझा नंबर घेतला, बाबांशी बोलायचं आहे म्हणून, आणि डबा पिशवीत मिक्सरच्या भांड्याशेजारी बसवला. मी बाहेर ऑटोवाल्यासोबत टीव्ही आडवा न्यायचा नाही, उभाच न्यायचा यावर भांडत होतो, दोरी बांधून मागं पाह्यतो तर कपलर बसलेलं, बाबाजी गेलेले.

टीव्ही आला. फिटिंगवाला "उद्या येतो" म्हणून तीन दिवस झाले, त्यामुळे तो सध्या कडधान्याच्या कोठीवर उभा आहे, आणि खोक्यावर एवढं मोठं फोर-के लिहिलेलं असून फ्री डिशचे साधे चॅनेल त्याच्यावर ताणल्यावर सगळे नटनट्या भिजलेल्या साबणासारखे दिसतात. आई खूश आहे. सासू पूर्ण दिसते.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाबू, वळखलं का? ते घड्याळ रोज धा मिनिटं मांगं पडून राह्यलं. दुकानात जाऊन बदलून आनजो. बिल तुह्याचपाशी हाय ना?"