पडायला अक्कल लागत नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर

‘पडणे, आपटणे, ढकलाढकली हा विनोदाचा सर्वांत खालचा प्रकार आहे. त्याला अक्कल लागत नाही, त्यावर हसणारा दुसऱ्याच्या वेदनेवर हसतो, आणि लॉरेल-हार्डी ही जोडी किंवा बस्टर कीटन या जुन्या हॉलिवूडमधल्या विनोदवीरांचे आजही कौतुक करणारे लोक खरे तर स्वतःच्या बालपणाचेच कौतुक करत असतात,’ असे मत अलीकडे वारंवार वाचायला मिळते आणि अनेक जण ते मान डोलावून पुढे पाठवतात. मला यातला एकही मुद्दा पटत नाही.

शब्द वरच्या पायरीवर आणि शरीर खालच्या, ही उतरंड मुळात आपली नव्हे. नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत आंगिक अभिनय पहिला येतो आणि वाचिक त्याच्यानंतर. तमाशातला सोंगाड्याही केवळ शब्दांवर कधी विसंबला नाही.

आता अकलेचा मुद्दा. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या चित्रपटात वादळाच्या तडाख्याने घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि माडीवरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवती पडल्यामुळे तो होता तसा उभा राहतो. ती भिंत खरोखरच जड होती, आणि चौकट व त्याचे अंग यांच्यामध्ये काही इंचांचीच मोकळी जागा होती. म्हणजे पाय कुठे ठेवायचे, भिंत कोणत्या कोनातून येणार आणि खिडकी किती उंचीवर हवी, याचा हिशेब आधी पुरा झाल्याशिवाय ते दृश्य घेणेच शक्य नव्हते. पण मला त्याहून मोठी वाटते ती कीटनची स्थिरता. भिंत येत असताना तो वर पाहत नाही आणि अंगही चोरत नाही. तो जरा जरी कचरला असता, तरी प्रसंगातला विनोद संपून नुसती कसरत उरली असती. ही कल्पनाही त्याला ऐन वेळी सुचलेली नव्हती. १९१९ मधल्या एका लघुपटात रंगमंचावरचा हलका पडदा अशाच रीतीने पडतो, १९२० च्या ‘वन वीक’मध्ये घराची भिंत पडते, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी ही जड भिंत येते. एकच कल्पना नऊ वर्षे घोटणाऱ्या माणसाला अक्कल लागली नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

वेदनेवर हसण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. थोबाडीत मारायची, वर ‘फटॅक’ असा आवाज जोडायचा आणि त्याला विनोद म्हणायचे, हा प्रकार आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवर पुष्कळ चालतो आणि मलाही तो बघवत नाही. परंतु वाईट नमुन्यांवरून कलेची पारख होत नसते. लॉरेल आणि हार्डी यांच्या १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये दोघे एक पियानो शंभराहून अधिक पायऱ्या चढवून वरच्या घरी पोहोचवू पाहतात आणि तो पुन्हा पुन्हा गडगडत खाली जातो. हसू येते ते त्यांच्या चिकाटीचे. अखेर पियानो वर पोहोचतो, तेव्हा पोस्टमन त्यांना सांगतो की गाडीने वळसा घालून थेट इथवर येता आले असते. त्यावर ते दोघे काय करतात? तोच पियानो पायऱ्यांवरून पुन्हा खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि मग रस्त्याने वर आणतात. यात वेदना कुठे आहे? हे तर माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीवरचे भाष्य आहे, आणि ते शब्दांपेक्षा पायऱ्यांवर अधिक स्पष्ट दिसते. या लघुपटाला ऑस्कर मिळाले होते. शिवाय लॉरेल संकलनात स्वतः लक्ष घालत असे, आणि प्रेक्षकांचे हशे किती लांबतात हे चाचणी खेळांत पाहून त्यांचे चित्रपट पुन्हा कापले-जोडले जात.

राहिला बालपणाचा मुद्दा. कीटनचा ‘द जनरल’ १९२६ चा. तो प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवर पडला आणि अनेक समीक्षकांनीही त्याला झोडपले. तोच चित्रपट १९७२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या समीक्षक-मतदानात जगातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांत आला. ज्यांच्या काळात तो आला, त्यांनीच त्याला नाकारले होते. त्याला वर आणले ते मुख्यतः नंतरच्या पिढीने. मारामारीच्या विनोदी चित्रपटांतला हाँगकाँगचा अभिनेता जॅकी चॅन याचा जन्म १९५४ चा, आणि तोही कीटनचे ऋण उघडपणे मान्य करतो.

मागच्या दिवाळीत माझ्या सात वर्षांच्या भाचीला मी ‘द म्युझिक बॉक्स’ दाखवला. तिला इंग्रजी येत नाही आणि कृष्णधवल चित्रपट तिने आधी पाहिलेला नव्हता. पोस्टमन काय बोलला ते तिला कळले नाही. पण दोघांनी पियानो उचलून पायऱ्यांकडे तोंड वळवताच ती उठून उभी राहिली आणि पडद्याकडे बोट दाखवून ओरडली, “अरे, आता वर आला होता ना!”