बाटलीतलं दिसतं, भाऊ. फक्त सुकवून बघू नका

कपाशीच्या फवारण्या सुरू झाल्या की आमच्या चोपड्याकडच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो. यंदाही आला, खाली पाच हात जोडलेले. त्याचं म्हणणं असं: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपात (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोतानं बघणाऱ्या यंत्रात) पाणी टिकत नाही, म्हणून द्रवातला नॅनोकण, म्हणजे केसाहून शेकडो पट बारीक कण, आजवर कोणी पाहिलेलाच नाही. विषाणूंचे, प्रथिनांचे फोटो कॉम्प्युटरवर काढलेले. सबब नॅनो युरियाची, म्हणजे युरियाचे नॅनोकण असल्याचं सांगून विकल्या जाणाऱ्या फवारणीच्या खताची, बाटली म्हणजे विहिरीचं पाणी.

पाणी टिकत नाही हे अर्धं खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर मजकूर पळतो. यंत्रातली हवा काढावीच लागते, नाहीतर इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतात. तिथे उघडं पाणी ठेवलं तर ते उकळून उडून जातं. पण उघडं ठेवायला सांगितलंय कोणी? सिलिकॉन नायट्राइड नावाच्या कठीण पदार्थाच्या दोन पापुद्र्यांत ते कोंडतात. एकेक पापुद्रा साधारण 50 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. इलेक्ट्रॉन आरपार जातात, पाणी आत राहतं. फक्त पाण्याचा थरही तसाच पातळ हवा. जाड झाला की चित्र धुरकटतं.

‘कोणी पाहिलेलाच नाही’ हे साफ खोटं. 2003 मध्ये फ्रान्सिस रॉस या संशोधिका आणि सहकाऱ्यांनी द्रावणातलं तांबं इलेक्ट्रोडवर (वीज सोडलेल्या धातूच्या पट्टीवर) कणाकणानं बसताना पाहिलं. 2009 मध्ये हाइमेई झेंग, अलिविसाटोस यांच्या गटानं प्लॅटिनमचे कण द्रवात वाढताना, एकमेकांत मिसळताना टिपले. त्याच वर्षी नील्स डी यॉंग यांच्या गटानं पाण्यातल्या अख्ख्या पेशीवर चिकटवलेले सोन्याचे कण दाखवले.

आता फोटो. इलेक्ट्रॉनला रंग नसतो. मूळ चित्र काळं-पांढरं, रंग मागाहून भरतात. एवढं मान्य. पण आकार कोणी भरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं 2020 मध्ये कोरोना विषाणूचं चित्र प्रसिद्ध केलं, ते एका रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून घेतलेलं. प्रथिनांसाठी नमुना अतिथंड द्रव इथेनमध्ये इतक्या झटकन बुडवतात की बर्फाचे स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. पाणी काचेसारखं गोठतं. या पद्धतीला 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉम्प्युटर तिथे असतोच, पण तो हजारो अंधुक चित्रं जुळवून एक स्पष्ट करतो, मनानं काढत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याला खरी कमजोर जागा सापडलीच नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत पाणी फोडतो. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटकन रासायनिक क्रिया करणारे पाण्याचे तुकडे, निघतात, हायड्रोजनचे बुडबुडे येतात, कधी कण विरघळतात, कधी झोतामुळेच नवे जमतात. नाजूक प्रथिनाचे तर बघता बघता धिंडवडे निघतात. म्हणून झोत कमी ठेवावा लागतो, आणि दिसलेली हालचाल कणाची की झोताची, हे तपासायला झोत बंद करून पुन्हा बघावं लागतं. पाण्यातलं हलतं प्रथिन अजूनही अवघडच आहे.

आणि बाटली? युरिया पाण्यात विरघळतो, तोही लिटरला किलोच्या वर. असा थेंब सुकवून मायक्रोस्कोपाखाली धरला तर स्फटिक दिसणारच! ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर धरतो म्हणून विहिरीच्या पाण्यात ते खडे आधीपासून होते, असं आपण म्हणतो का? तेव्हा सुकवलेल्या थेंबाच्या फोटोवर मीही विश्वास ठेवणार नाही. बाटलीत कण आहेत तर द्रवातलं किंवा गोठवलेलं चित्र दाखवा, असं बाटली विकणाऱ्यांना विचारायला हवं. ‘दिसूच शकत नाही’ म्हणून आपण तो प्रश्नच मारून टाकतो.

पिकाचा हिशोब आणखी निराळा, त्याला मायक्रोस्कोप लागत नाही. 2021 मध्ये आलेल्या अर्धा लिटरच्या बाटलीत नत्र 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे वीस किलोच्या वर. एवढ्या फरकात बाटली गोणीची जागा घेते का, हे शेतातच कळेल.

मजकूर पाठवणारा माझा चुलतभाऊच. हे सगळं ऐकून म्हणाला, “मंग मारू का नको, भो?” म्हटलं, आठ ओळी बाटली न मारता सोड, आणि वेचणीला त्यांचा कापूस वेगळा मोज.