अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

काल संध्याकाळी घरमालक काका चहाला आले. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आल्यावर काका चहाला आले की समजून जायचं. दोन बिस्किटं झाल्यावर म्हणाले, "या वेळी पंचवीस करूया का?" सध्या आम्ही २२ हजार देतो. पुण्यात कर्वेनगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पण गच्चीवर वाळवणं घालता येतात आणि लेकीची शाळा चालत दहा मिनिटांवर.

रात्री नवरा-बायको कागद घेऊन बसलो. बावधनला २१ हजारांचं एक घर बघून ठेवलं होतं. म्हणजे महिन्याला ४ हजारांचा फरक, ११ महिन्यांत ४४ हजार. नवरा खुशीत. त्याला हिंजवडीला जायला चांदणी चौकही ओलांडावा लागणार नाही. मग मी दुसरी बाजू लिहायला घेतली. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, २१ हजार. टेम्पो आणि हमाल ९ हजार. गीझर, वॉटर प्युरिफायर काढणं-बसवणं साडेतीन हजार. नव्या कराराचा खर्च अडीच हजार. आणि जुन्या डिपॉझिटमधून "पेंटिंगचे" म्हणून कापले जाणारे १२ हजार. (भिंतीला एक खिळा ठोकायचा नाही म्हणून तीन वर्षं कॅलेंडर फ्रिजला लावलं, तरी पेंटिंग!) बेरीज ४८ हजार. चव्वेचाळीस वाचवायला अठ्ठेचाळीस घालवायचे.

शिवाय पाणी. ब्रोकर म्हणाला होता, "चोवीस तास आहे मॅडम." मी उतरताना वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात रोज चार टँकर लागतात, ताई." घर बघायला गेलात तर हॉल किती मोठा ते नंतर बघा, आधी वॉचमनशी बोला.

पण मला खरा राग आला तो या ११ महिन्यांचा. दरवर्षी हीच धाकधूक, हाच कागद. कुठून आलं हे ११? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला लोकांनी एक महिना कमी केला. ठीक आहे. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं फक्त वापरायला देण्याचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारीही मालकाची. म्हणजे जे टाळण्यासाठी ११ महिने शोधले, ते आपल्याकडे टळतच नाही. तरी सगळे ११ च करतात. विचारलं तर "तसंच असतं."

मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर धरलेल्या व्याजासकट. नोंदणी फी शहरात १ हजार, आणि तीही प्रत्येक वेळी. थेट ३६ महिन्यांचा करार केला तर ही फी आणि एजंटचे पैसे एकदाच जातात. दर अकरा महिन्यांनी कुणाला फायदा होतो, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून आज सकाळी मीच काकांकडे गेले. म्हटलं, २३ हजार घ्या, दरवर्षी ५ टक्के वाढ कागदावरच लिहा, करार तीन वर्षांचा करू. पहिलं वर्ष आम्ही सोडणार नाही, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. काका गप्प झाले. मग म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे... उद्या तुम्ही सोडलंच नाही तर?"

ही भीती पागडीच्या काळातली, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरू कायमचा राहायचा तेव्हाची आहे आणि तेव्हा ती खोटी नव्हती. काकांच्या मोठ्या भावाची सदाशिव पेठेतली खोली अशीच गेली म्हणे. पण लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला कुळाचा हक्क मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर न जाणाऱ्याला बाहेर काढायची सोय आहे, वर भाड्याच्या दुप्पट भरपाई. मुदत ११ महिन्यांची असो की ३६, नियम तोच. हे मी काकांना सांगितलं. एक भाडेकरू घरमालकाला घर रिकामं कसं करून घ्यायचं ते शिकवतेय, हे माझ्याही लक्षात आलं. काकू आतून हसल्या.

काकांचंही चुकतं असं नाही. निवृत्तीनंतर हे भाडंच त्यांची पेन्शन आहे, औषधं महाग झालीत. पण आम्ही गेलो तर घर महिनाभर रिकामं राहील, ते २२ हजार त्यांच्याही कागदावर यायला हवेत ना? आम्ही जाणार नाही हे गृहीत धरूनच दरवर्षी आकडा वाढतो.

"मुलाला विचारून शनिवारी सांगतो," म्हणाले.

लेकीला अजून काही बोललो नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मात्र सांगून ठेवलंय, बिस्किटांचे रिकामे खोके रविवारपर्यंत टाकू नका.