नेणं माझं, आणणं त्याचं

आमच्या घरात मुलांच्या क्लासची वाटणी रीतसर झालेली आहे. नेणं माझ्याकडे, आणणं नवऱ्याकडे. ऐकायला इतकी न्याय्य, की कोर्टातसुद्धा टिकेल. गोम तिथेच आहे.

नेणं म्हणजे नुसतं नेणं नसतं. पार्किंगमधल्या क्रिकेटमधून पोरगं ओढून आणायचं, दूध घशाखाली उतरवायचं, स्विमिंगचा गॉगल शोधायचा (तो फ्रीजवर सापडतो, का ते विचारायचं नाही), घुंगरांची पिशवी, तबल्याची वही, आणि चपला घातल्यावर ‘आई, शू!’ एवढं पार पडलं की कर्वे रोड. संध्याकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला सगळ्यात वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल आणि तळाशी अ‍ॅक्टिवावर मी. मागे बसलेले चिरंजीव माझ्या हेल्मेटवर ‘धा धा ते टे, धा धा तू ना’ सुरू करतात. घरी तबल्याला बोट लावत नाही. सगळा रियाज माझ्या टाळक्यावर. सोळा मात्रा संपून सम आली की दणका जरा जोरात बसतो, त्यावरून पोरगं तालात आहे एवढं कळतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असतात. हेल्मेट तोवर टिकेल असं वाटत नाही.

आणि आणणं? क्लास सुटलेला, मूल आयतं दारात उभं, दमलेलं, भुकेलं. त्याला भेळ खायला घातली की झालं. म्हणून आमच्याकडे आई म्हणजे ‘चल, उशीर होतोय’ आणि बाबा म्हणजे ‘तिखट कमी, शेव जास्त’. कन्या तर कथकच्या बाईंना सांगून आली, ‘आमच्याकडे क्लासचं सगळं बाबाच बघतो.’

सोसायटीतल्या आयांबरोबर पाळ्या लावूनही पाहिल्या. फोनमध्ये ‘ईशान आई तबला’, ‘स्वरा आई कथक’ अशी नावं भरली; त्यांची खरी नावं अजून माहीत नाहीत आणि आता विचारायची सोय राहिली नाही. पण या पाळ्यांचा हिशोब भिशीपेक्षा कडक. ‘गेल्या गुरुवारी स्वराला मीच सोडलं होतं हं’ हे वाक्य नेहमी हसऱ्या इमोजीसकट येतं आणि तो इमोजी अजिबात हसत नसतो.

शेवटी मी अदलाबदल जाहीर केली. आठवडाभर आणणं माझं, नेणं नवऱ्याचं. पहिल्याच दिवशी मला पाहून दोघांचे चेहरे पडले. ‘तू का? बाबा कुठाय?’ भेळ दिली, तर ‘बाबा वर एक पाणीपुरीपण देतो.’

नवऱ्याचं मात्र बरं चाललेलं दिसलं. आरडाओरडा नाही, गॉगलची शोधाशोध नाही. चौकशीअंती कळलं, त्याने नेणं परस्पर सासऱ्यांकडे सोपवलंय. याला तो ‘प्लॅनिंग’ म्हणतो. सासरे मुलाला रिक्षाने नेत आणि तास संपेपर्यंत क्लासमध्येच मांडी घालून बसत. बसल्या बसल्या हात शिवशिवायला लागले. सर म्हणाले, ‘काका, तुम्हीही या की!’

आता सासऱ्यांनी प्रारंभिकचा फॉर्म भरलाय. त्यांची बॅच सहाची, नातवाची साडेपाचची, शिवाय रोज रिक्षा परवडत नाही असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने लगेच वाटणी सुचवली : बाबांना तू ने, मी आणतो.

भेळेत त्यांना कांदा चालत नाही, तेवढं त्याने आधीच विचारून ठेवलंय.